डावीकडचा आवाज

आलिचुरात झाड नाही. एकही नाही.
त्यामुळे गाडी कुठल्या सावलीत लावायची हा प्रश्नच नव्हता,
वाऱ्याला चुकवून लावली, घराच्या मागच्या भिंतीशी,
आणि बाबांनी जॅकखाली फळी सरकवली,
कारण मे महिना असला तरी जमीन अजून गोठलेली,
आणि गोठलेली जमीन दुपारी शब्द फिरवते.

जॅकच्या भरवशावर आत डोकं घालायचं नाही, घोडी लाव, म्हणाले.
आमची घोडी म्हणजे लष्कराच्या मेलेल्या ट्रकची नळी,
मामतकाकाने कापून वेल्ड केलेली, एक पाय किंचित आखूड.

चाक काढलं. म्हाताऱ्या मेंढीचे दात बघावेत
तसं बाबांनी टायरच्या आतल्या कडेवर बोट फिरवलं
आणि वय सांगितलं: दोन हिवाळे.
दोन हिवाळे दुखतंय हिला, आणि आपण रेडिओ मोठा करत होतो.

सुटे भाग ओशहून आले, अकराव्या दिवशी,
कुणाच्या तरी नवरीच्या गाद्यांत गुंडाळून:
खालचे दोन बॉल जॉइंट, वरचे दोन,
मूठभर रबरी बुश, शॉक-अब्सॉर्बर एक.
एकच. दुसरा सीमेवर कुणाला तरी आवडला.

टॉर्शन बारच्या बोल्टवर आधीच खूण केलेली होती,
आईच्या नेलपॉलिशची, लाल.
तिला विचारलं नव्हतं.

कॉटर पिन सरळ निघाली नाही. ती कधीच निघत नाही.
याशिलकुलच्या माशाचा काटा काढावा
तशी तुकड्या-तुकड्याने काढली.
मग नट सैल केला, पण दोन आटे ठेवून,
नाहीतर सुटेल तेव्हा तोंडावर येईल.
आणि हातोडा माझ्या हातात दिला.

मी सरळ बोल्टच्या टोकावर उगारला.
टोकावर नाही गं. कुशीत मार.
जिथे त्याने घट्ट धरलंय ना, तिथे.

सात घाव. काही नाही.
आठव्याला ठण्ण, आणि सगळा आर्म जॅकवर टेकला
मोठा उसासा टाकून बसणाऱ्या माणसासारखा.

जुना सांधा माझ्या तळहातावर आला.
रबराचा बूट फाटून, आत वंगणाच्या जागी
तांबडा चिखल, नदीची वाळू,
आणि वाटीत गोळा नुसता खुळखुळत होता.
यावर आपण अकबाइताल खिंड उतरलो,
आजी मागच्या सीटवर, दवाखान्याकडे, रात्री.
बाबांनी उकिडवं बसल्या बसल्या
स्वतःच्या गुडघ्यावर हात ठेवला.
मीही मग वाटी हा शब्द पुन्हा काढला नाही.

उजवी बाजू दुसऱ्या दिवशी. तिथे एक बोल्ट तुटला,
त्याची गोष्ट सांगण्यासारखी नाही, शिव्याच फार आहेत.

दोरी लावून चाकं सरळ केली, डोळा मारून तपासली,
आणि मजारीपर्यंत जाऊन आलो.
तोच खडबडीत रस्ता, पत्र्याच्या छपरासारखा वळीवळीचा,
आणि गाडी गप्प.
स्टिअरिंग हातात नुसतं, हट्ट न करणारं.
बाबा एका हाताने चालवत होते, मोठ्या रुबाबात.

घरी आलो तर दार लोटलेलं.
कुत्रं झोपलेलं. चुलीत तेरेस्केन विझलेलं.
आई पीठ मळलेल्या हातांनी बाहेर आली आणि दचकली:
आलात? आणि मला कसं कळलं नाही?

तेव्हा समजलं.
नऊ वर्षं वळणावरचं ते कर्रर्र-टक ऐकून
ती चहात दूध ओतायची, मीठ टाकायची,
आणि कप भरेपर्यंत आम्ही दारात.
सगळ्यांना वाटायचं, चहा वेळेवर होतो.

बाबा हसले. मग एकदम थांबले.
बुरुल, म्हणाले, उद्यापासून वळणावर हॉर्न देतो.

हॉर्न आमचा मी सहावीत असल्यापासून बंद आहे.
उजेड आहे अजून थोडा.
बघते, वायर कुठे तुटलीय.